किल्ली सात जणांकडे, तपासणी तिघांची

"दार लावायचं नाही," मॅनेजर सर म्हणाले.

माझ्या हातात निळ्या झाकणाची प्लास्टिकची डबी. समोर स्टाफचं बाथरूम. मागे कॉरिडॉर, आणि कॉरिडॉरमध्ये पेशंटच्या नातेवाइकांचा बाक. बाकावर पाच-सहा माणसं बसलेली. सकाळी साडेदहाची वेळ, ओपीडी भरलेली.

मी म्हटलं, "सर, दार लावून घेते ना. डबी देते भरून."

"तेच नको. तुम्ही लोक काय काय करता माहीत आहे. मावशी, तू उंबऱ्यात उभी राहा. नीट बघ."

सर चार पावलं लांब जाऊन पाठ करून उभे राहिले. तेवढीच त्यांची सभ्यता. कमलमावशी उंबऱ्यात उभी राहिली. ती आमच्याकडे साफसफाईला आहे. मी बसले. ती बघत होती. तिला बघायला सांगितलं होतं.

आठ वर्षं नर्स आहे मी. हजारो बेडपॅन दिली असतील, नळ्या घातल्या असतील. पण पडदा ओढल्याशिवाय कुठल्या पेशंटच्या कपड्याला हात लावला नाही. बेशुद्ध माणसाला काय कळतं, असं कुणी म्हटलं तरी पडदा ओढायचा. हे मला शिकवलेलं आहे. मीही ते नव्या पोरींना शिकवलंय.

लघवी होईना. पोट तटतटलेलं, तरी एक थेंब येईना.

"कर ना वं पटकन," मावशी म्हणाली. "माले दुसरा कामं शेतस."

मग तिने नळ सोडला. आणि लहान पोराला मांडीवर धरून करतात तसं तोंडाने श्श्... श्श्... करायला लागली. बाकावरून कुणीतरी हसलं. बाईचं हसणं होतं ते. मी वर पाहिलं नाही, त्यामुळे कोण ते मला आजही माहीत नाही. नंतर कित्येक दिवस ओपीडीत बसलेल्या प्रत्येक बाईकडे बघून मला वाटायचं, हीच असेल.

शेवटी झाली. कोमट डबी हातात घेऊन मी बाहेर आले. झाकायला काही दिलं नव्हतं. सगळा कॉरिडॉर ओलांडून लॅबच्या खिडकीपर्यंत तशीच चालत गेले. मॅनेजर सर माझ्या मागून चालत होते, पाकीटमाराला पकडून नेतात तसे.

आता हे सगळं कशावरून, ते सांगते.

आमचं हॉस्पिटल नंदुरबारमधलं, खाजगी. ऑपरेशनचे, कॅन्सरचे पेशंट असतात. त्यांच्या वेदनेसाठी मॉर्फिनची इंजेक्शनं लागतात. ती वेगळ्या कपाटात, कुलपात. एक इंजेक्शन काढलं की रजिस्टरला लिहायचं: पेशंट कोण, कुणी काढलं, कुणी दिलं. त्या आठवड्यात मोजणी केली तर चार कमी भरली.

त्या कपाटाची किल्ली सात जणांच्या हातातून जाते. मेट्रन ताई, दोन डॉक्टर, औषधाच्या स्टोअरचा माणूस, मी, माझ्याबरोबरची नर्स रमिला, आणि किल्ली इकडून तिकडे पोचवणारा वॉर्डबॉय रुमालसिंगदादा. झाले सात. स्टोअरचा माणूस मॅनेजर सरांच्या बायकोचा भाऊ. हे मी मुद्दाम सांगत नाही. नुसतं सांगते.

तपासणीला तिघांना बोलावलं. मी, रमिला आणि रुमालसिंगदादा. मी पावरा, धडगावच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची. रमिला नवापूरकडची कोकणी. रुमालसिंगदादा भिल. तिघंही आदिवासी. राहिलेले चौघे सपाटीवरचे. त्यांना लघवी नसते बहुतेक.

मी सरांना विचारलं होतं, "सर, तिघंच का?"

ते हसले. त्यांना हसून बोलायची सवय आहे. "अगं, सुरुवात कुठून तरी करायची ना. आणि खोटं कशाला बोलू, तुमच्या डोंगरात शेताशेतात काय पिकतं ते सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. तुझ्यावर संशय आहे असं नाही. पण तपासलेलं बरं."

सपाटीवरच्या पोरींना सर 'अहो सिस्टर' म्हणतात. मला 'अगं'. घाईत असले की 'ए'.

आमच्या पाड्यावर मका पिकतो. ज्वारी, तूर, थोडी भगर. गांजा मी पहिल्यांदा पाहिला तो पोलिसांच्या गाडीत, आणि तो कुणाच्या शेतातला होता ते गाडीतल्यांनाच माहीत. पण हे मी सरांना म्हटलं नाही. तेव्हा माझी जीभ अजून त्यांच्याच हॉस्पिटलची होती.

तपासणी उद्या, असं आदल्या दिवशी दुपारी कळलं. रमिला चेंजिंग रूममध्ये मोबाइल घेऊन बसलेली. बावीस वर्षांची पोर, नोकरीला एक वर्ष झालेलं. कुठलेतरी व्हिडिओ बघत होती: लघवी तपासणीच्या आधी काय प्यायचं. लिंबू प्या, ताक प्या, दर तासाला लिटरभर पाणी प्या, शरीर धुऊन निघतं.

"काही घेतलंयस का तू?" मी विचारलं.

"नाही हो ताई. देवाशपथ."

"मग काय धुऊन काढतेयस?"

तिने मोबाइल उलटा ठेवला. डोळ्यांत पाणी. मी तिला रागावले. म्हटलं, ज्याच्या मनात चोर त्याने तयारी करावी. आपल्याला कसली तयारी?

आज मला माझ्याच त्या वाक्याची लाज वाटते.

रमिलाने माझं ऐकलं नाही. पाणी पीत राहिली. दुसऱ्या दिवशी तिची लघवी इतकी पातळ निघाली की लॅबवाला म्हणाला, हे चालणार नाही, पुन्हा दे. दोन तासांनी पुन्हा दिली, तीही पातळ. सर म्हणाले, "एवढं पाणी कोण पितं? ज्याला काही लपवायचंय तोच." तिसऱ्यांदा दिली तेव्हा तिला उभं राहवत नव्हतं. आणि तीनही वेळा दार उघडं.

माझं वेगळंच झालं.

डबी खिडकीवर ठेवली तेव्हा लॅबवाल्याने एक छापील फॉर्म पुढे केला. तीन ठिकाणी पेन्सिलने फुल्या मारलेल्या. "आठे, आठे आनि आठे. सही कर."

मी सही केली. तीन फुल्या, तीन सह्या. वाचलं नाही.

नर्स आहे मी. पेशंटला ऑपरेशनच्या संमतीचा कागद मी वाचून दाखवते, मगच अंगठा घेते. आणि स्वतःचा कागद वाचला नाही. का? फुली दिसली की माझा हात आपोआप चालतो, म्हणून. आश्रमशाळेतली सवय. तिथे सर कागदावर फुली मारायचे आणि आम्ही रांगेने सह्या करत जायचो. दोन गणवेश मिळाल्याची सही, हातात एक गणवेश. रोज अंडं मिळाल्याची सही, अंडं कधी पाहिलं नाही. एका पोराने विचारलं होतं, सर, ह्याच्यावर काय लिहिलंय? त्याला कागदाच्याच पुठ्ठ्याने मारलं. बाकीच्यांनी तेव्हाच शिकून घेतलं. आमच्या शिक्षणाचा पहिला धडा तो. विचारायचं नाही, फुलीवर सही करायची.

अर्ध्या तासाने लॅबवाला बाहेर आला. हातात तपासणीची पट्टी. त्या पट्टीचं उलटं असतं: रेघ उमटली तर काही नाही, रेघ उमटली नाही तर सापडलं. मॉर्फिन अफूपासूनच बनतं, आणि माझ्या पट्टीवर अफूच्या रकान्यात रेघ नव्हती.

त्याने ते आत जाऊन सांगितलं नाही. कॉरिडॉरमध्येच म्हणाला, "सर, सापडनं. हाई सिस्टरनं सापडनं."

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. त्यात माझ्याच वॉर्डातल्या पेशंटची म्हातारी आई होती, म्हसावदची. सकाळी तिनेच माझा हात धरून म्हटलं होतं, तू आहेस म्हणून काळजी नाही. तिने मान दुसरीकडे फिरवली. मला तिचा राग आला नाही. पण लागलं. फार लागलं.

दुपारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मेट्रन ताई बसलेल्या. सरांचा आवाज एकदम मऊ झाला. मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटते.

"हे बघ. चुका होतात. पोलिसात गेलो तर तुझं लायसन जाईल, नाव पेपरात येईल. आम्हाला ते नकोय. तू आमच्या मुलीसारखी. शांतपणे राजीनामा दे, विषय संपला."

आणि त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. टाइप केलेला. माझं नाव, माझं पद, 'वैयक्तिक कारणामुळे मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे'. खाली पेन्सिलची फुली.

माझा हात पेनाकडे गेला. खरं सांगते, गेला. सही करावी आणि कुठेतरी जाऊन रडावं एवढंच वाटत होतं. पेन उचलताना कागद थोडा सरकला. त्याच्या खाली दुसरा कागद होता. तोही टाइप केलेला. त्यावर रमिलाचं नाव. त्याच्याखाली अजून एक. रुमालसिंगदादाचं असणार.

रमिला तेव्हा बाहेर तिसऱ्यांदा डबी घेऊन बसलेली होती. तिचा निकाल लागायचा होता. रुमालसिंगदादाची पट्टी अजून टेबलावरच होती.

कागद तिघांचे तयार होते. पट्टीवर काय येतंय ह्याची ह्यांनी वाटच पाहिली नव्हती.

मी पेन खाली ठेवलं. सकाळपासून मी ह्या लोकांसमोर स्वतःला निर्दोष ठरवत होते. आणि इथे निर्दोष असण्याला जागाच नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ती ओल आम्हा तिघांना वर टाकून झाकायचं ठरलं होतं.

"उद्या सांगते सर," मी म्हटलं.

"उद्या काय सांगायचंय?"

"उद्या सांगते."

पहिल्यांदा मी त्यांच्या 'काय'ला उत्तर दिलं नाही. उठले आणि बाहेर आले.

बाहेर येऊन पहिला फोन माझ्या बाला केला. पाड्यावर रेंज एकाच टेकडीवर येते. दुपारी गुरं घेऊन तो तिथेच असतो, म्हणून लागला. सगळं सांगितलं. मग त्याने आमच्या बोलीत विचारलं, "तू घेतलंस का?"

माझ्या बाने विचारलं. मला शाळेत घालायला जो डोक्यावर ट्रंक घेऊन घाट उतरला होता, त्याने.

मी म्हटलं, "नाही."

"शपथ?"

"नाही घेतलं बा."

"मग सही करून घरी येऊ नको," तो म्हणाला. "चोर होऊन आलीस तर इथेही चोरच राहशील. पाड्यावरची एकही पोर मग कुणी शिकायला पाठवणार नाही."

फोन ठेवल्यावर मी रडले. त्याने विचारलं म्हणूनही आणि त्याने सांगितलं म्हणूनही.

दुसरा फोन नर्सिंगला शिकवणाऱ्या बाईंना. आता रिटायर झाल्या, धुळ्याला असतात. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि धीर वगैरे काही दिला नाही. सरळ विचारलं, "गेल्या तीन दिवसांत काय काय पोटात गेलं? खोकल्याचं औषध?"

"नाही बाई."

"दुखण्याची गोळी?"

"नाही."

"खसखस?"

मी नाही म्हणणार होते. आमच्या घरात खसखस येतच नाही. आमच्या आईने ती आयुष्यात कधी विकत आणली नसेल. आणि मग आठवलं.

मेट्रन ताई कळसाडीच्या. मोठं घर, ऊस-कापसाची शेती. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. त्या आठवड्यात ताईंनी डिंकाचे लाडू आणले होते. सगळ्यांना एकेक दिला. मला मात्र कागदाचा मोठा पुडा दिला. दहा-बारा लाडू असतील. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ले, घर लई जाय. तुमनाकडे हाई कोठे मिळस?"

पोरी हसल्या. मीही हसले. पुडा घेतला. पहिल्या दिवशी वाटलं फेकून द्यावा. पण लाडू चांगले होते, तुपाचे. रोज सकाळी ड्यूटीला निघताना चहाबरोबर दोन खायचे. तपासणीच्या सकाळीही दोन खाल्ले होते.

बाई म्हणाल्या, "अफूचं बोंड असतं ना, त्यातलंच बी म्हणजे खसखस. भरपूर खाल्ली तर पट्टीवर येऊ शकतं. त्याने नशा होत नाही, पण पट्टीला ते कळत नाही. म्हणून पट्टीवर माणसाचा निकाल लावायचा नसतो. तोच नमुना मोठ्या लॅबला पाठवून पक्की तपासणी करायची असते. फॉर्मवर लिहिलं होतंस ना, काय खाल्लंस, कुठली औषधं चालू आहेत?"

"फॉर्मवर?"

"त्यात रकाना असतो त्याचा. काय लिहिलंस?"

"बाई, मी फॉर्म वाचलाच नाही."

"तयारी करून नाही गेलीस तू," बाई म्हणाल्या.

"बाई, मी काही घेतलंच नव्हतं. कसली तयारी करायची?"

"चोराला पळून जाता येतं. तयारी निर्दोष माणसालाच लागते."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी वहीत लिहून घेतलं. तीन दिवसांत पोटात गेलेलं सगळं, चहापासून गोळीपर्यंत, आधीच कागदावर लिहून न्यायचं. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर तिची झेरॉक्स. पाणी नेहमीएवढंच प्यायचं, भीतीपोटी घटाघटा नाही. डबीवर नाव आपल्या डोळ्यांसमोर लिहून घ्यायचं. झाकणावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आपली सही. निम्मा नमुना वेगळा ठेवा म्हणायचं. फॉर्म पूर्ण वाचायचा, रिकामा रकाना सोडायचा नाही, आणि सगळ्याची प्रत मागायची. मागितल्यावर नाही म्हणाले, तर नाही म्हणाले हेही लिहून ठेवायचं.

खोलीवर गेले. पुड्यात दोन लाडू उरले होते. एक फोडला. आत पांढरे बारीक दाणे, खच्चून भरलेले. हसू आलं मला. कडू हसू. माझ्या अंगात जे सापडलं ते सातपुड्यातून आलं नव्हतं. सपाटीवरच्या चांगल्या घरातून, कागदात बांधून, माझ्यावर उपकार म्हणून आलं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता केबिनमध्ये गेले. सर, मेट्रन ताई, लॅबवाला. रमिलाही एका कोपऱ्यात उभी होती. तिचे डोळे सुजलेले. नंतर कळलं, तिने आदल्या संध्याकाळीच सही केली होती. तिची तिसरी पट्टी साफ निघाली होती. तरी केली. रुमालसिंगदादाची पट्टीही साफ होती. त्याचा तर अंगठाच घेतला, कशावर तेही सांगितलं नाही.

मी उरलेला लाडू कागदासकट सरांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" सर म्हणाले.

मी सांगितलं. खसखस, पट्टी, सगळं. सांगताना आवाज थरथरत होता. थरथरू दिला.

मेट्रन ताई ताडकन म्हणाल्या, "मन्हा घरना लाडू खाईसन तुले नशा चढनी का वं?"

सगळे हसले. लॅबवाला तर खो खो हसला. सर हसले. कालच्या बाकावरचं हसणं मला पुन्हा ऐकू आलं. पण आज माझ्या हातात डबी नव्हती.

"ताई, लाडू चांगले होते," मी म्हटलं. "त्यात खसखस होती की नव्हती, एवढंच सांगा."

"बाळंतीणना लाडू शेतस त्या. खसखस त ऱ्हासच ना त्यामा!" त्या झटक्यात बोलून गेल्या.

हसणं थांबलं. ताईंनाही कळलं आपण काय बोललो. त्यांनी सरांकडे पाहिलं.

"हे लिहून द्याल?" मी विचारलं.

"माले काही लिखी देनं नही." त्यांनी पदर सावरला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. आठ वर्षं मी त्यांना ताई म्हटलं. त्यांचा पाय मोडला तेव्हा महिनाभर घरी जाऊन पट्टी केली. वाईट बाई नाहीत त्या. लाडूही त्यांनी मनापासूनच दिले असतील. पण एक ओळ लिहून द्यायची वेळ आली तेव्हा ताई ताईंसारख्या राहिल्या नाहीत.

मग मी फॉर्म मागितला. सर देईनात. मी म्हटलं, माझी सही आहे त्यावर, मला बघायचाय. लॅबवाल्याने काढला. 'मागील तीन दिवसांतील औषधे व आहार' असा रकाना होता. त्यात आडवी रेघ आणि 'निरंक'. अक्षर त्याचं. मला त्याने विचारलंच नव्हतं.

"नमुना कुठे आहे माझा?"

"फेकी दिना," लॅबवाला म्हणाला.

"पक्की तपासणी न करता?"

त्याने सरांकडे पाहिलं. कालपासून सगळे सरांकडेच बघत होते.

सरांचा मऊ आवाज गेला. "हे बघ, फार शहाणपणा नको. पोलीस केस करू का मी? मग कळेल."

आयुष्यभर ह्या शब्दाने आमची पाठ वाकलेली. पोलीस म्हटलं की आमच्या पाड्यावरची माणसं रानात निघून जायची. पण माझ्या तोंडातून शब्द निघाला तो वेगळाच.

"करा."

"काय?"

"करा केस. चार इंजेक्शनं गेली आहेत, केस व्हायलाच पाहिजे. मी येते तुमच्याबरोबर. आत्ता चला. रजिस्टर पण घेऊ."

रजिस्टर म्हटल्याबरोबर सर खुर्चीत मागे टेकले. ताईंनी खिडकीबाहेर बघणं थांबवलं. त्यावरून मला एवढं नक्की कळलं की पोलिसांची भीती माझ्यापेक्षा तिथे दुसऱ्याच कुणाला तरी जास्त आहे. कुणाला, ते मला माहीत नाही. संशय आहे. एकावर आहे, कधी दुसऱ्यावर जातो. पण नाव मी घेणार नाही. पुराव्याशिवाय नाव घेतलं की माणसाचं काय होतं, ते मी त्या उंबऱ्यात बसून भोगलंय.

मी तिथेच उभी राहून एका कोऱ्या कागदावर लिहिलं. काय खाल्लं, कोणी दिलं, रकाना कोणी भरला, नमुना कसा फेकला, दार कसं उघडं ठेवलं. मावशीचं श्श् श्श् सुद्धा लिहिलं. ते लिहिताना लाज वाटली नाही. लाज आता ज्यांची त्यांच्याकडे गेली होती. दोन प्रती केल्या. एकीवर पोच मागितली. दिली नाही. 'पोच दिली नाही' असं खाली लिहिलं आणि वेळ टाकली.

राजीनामा दिला नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. मला वॉर्डातून काढून ओपीडीत केसपेपर लिहायला बसवलंय. किल्ली माझ्याकडे येत नाही. मी आले की चेंजिंग रूममधल्या गप्पा थांबतात. कुणी चहा दिला तर मी आधी कपात बघते, मग देणाऱ्याकडे. ही खोड आता जाणार नाही. सर अधूनमधून हसून म्हणतात, "अगं, इतका त्रास कशाला करून घेतेस? दुसरीकडे चांगली नोकरी मिळेल." मी म्हणते, काढायचं असेल तर काढा सर. लेखी काढा. त्यावर ते मोबाइल बघायला लागतात.

रमिला गावाला गेली होती. मी नवापूरला जाऊन तिला घेऊन आले. तिची आई दारातच उभी राहिली, पोरीला सोडायला तयार नव्हती. म्हणाली, "पुन्हा त्याच दारात कशाला नेता हिला?" मी म्हटलं, मावशी, त्या दारात नाही नेत, पोलीस स्टेशनला नेते. तर ती आणखीच घाबरली. मग दुपारभर तिच्या ओट्यावर बसले. बाईंनी सांगितलेलं सगळं रमिलाकडून वहीत उतरवून घेतलं आणि तिच्याकडूनच आईला वाचून दाखवलं. संध्याकाळी माऊली म्हणाली, जा. रुमालसिंगदादाला त्याच्या अंगठ्याखालच्या कागदावर काय होतं ते मी सांगितलं. शेवटी त्याने अंगठा पँटीला पुसला, जणू शाई अजून ओली होती.

उद्या सोमवार. आम्ही तिघं अर्ज घेऊन आधी पोलीस स्टेशनला आणि तिथून कामगार ऑफिसला जाणार आहोत. ठाणेदार काय करील माहीत नाही. तो कुणाच्या ओळखीचा आहे तेही माहीत नाही. कदाचित आम्हालाच बाकावर बसवून ठेवील. बसू. पोच मिळेपर्यंत बसू.

तो विचारील, तुमचं म्हणणं काय?

आमचं म्हणणं अर्जात एका ओळीत लिहिलंय. ज्यांच्या ज्यांच्या हातात ती किल्ली होती, त्या सगळ्यांची नावं लिहून घ्या. पहिलं माझं लिहा. पण तिथे थांबू नका.